काहीही बदल नाही

एखादी गोष्ट आहे तशीच राहावी म्हणून माणसाने किती राबावं याला काही मर्यादा आहे की नाही? सुतार टेबल करतो, ते चार लोकांना दिसतं. गवंडी भिंत बांधतो, तिला टेकता येतं. मला मात्र असं काम दिलं गेलं की उत्तम झालं तर कुणाला काहीच दिसणार नाही आणि चुकलं तर शहरातल्या तमाम म्हाताऱ्या माणसांची औषधं चुकतील. असलं काम अंगावर घेणारा माणूस मूर्ख असला पाहिजे, असं तुम्ही म्हणाल. तसदी घेऊ नका, बायकोने ते आधीच म्हणून ठेवलं आहे.

आमची कंपनी वयस्कर लोकांना फोन करून औषधाची आठवण करून देते. सकाळी फोन वाजतो, एक गोड आवाज म्हणतो, "नमस्कार, सकाळची गोळी घ्यायची वेळ झाली आहे," आणि घरोघरी पाण्याचे पेले भरले जातात. हे फोन माणसं करत नाहीत, संगणक करतात. तेही आमच्या ऑफिसात नाहीत, क्लाउडवर आहेत. क्लाउड म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीच्या इमारतीत भाड्याने घेतलेली यंत्रं. आपल्याला ती दिसत नाहीत, हात लावता येत नाही, फक्त वेबसाइटवर बटणं दाबून ती चालू, बंद आणि लहानमोठी करता येतात.

आमच्याच घरात या फोनच्या एक ग्राहक आहेत, त्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्या हयातभर टेलिफोन ऑपरेटर होत्या, त्यामुळे घंटी वाजल्याशिवाय कुठलीही गोष्ट करणं त्यांच्या शिस्तीत बसत नाही. थायरॉइडची गोळी उशाशी असते, पाणी शेजारी असतं, पण फोन येईपर्यंत त्या गोळीकडे बघतसुद्धा नाहीत. एकदा मी म्हटलं, "आई, फोन आलाच नाही तर?" त्या म्हणाल्या, "नाही आला म्हणजे वेळ झाली नाही." डॉक्टरांनी गोळीनंतर अर्धा तास चहाला बंदी केलेली आहे. तो अर्धा तास संपला की त्या स्वयंपाकघरात येतात. चहा मी करतो, नावं त्या ठेवतात. मग आम्ही दोघं पेपर वाटून घेऊन बसतो. बायको उठेपर्यंत हा कार्यक्रम चालतो.

तर, आमचे साहेब कुठलंसं अधिवेशन गाठून आले आणि आल्या आल्या त्यांनी सर्वांना एका खोलीत कोंबलं. "आपली क्लाउडवरची यंत्रं कुणी बसवली?" त्यांनी विचारलं. बसवणारे सगळे नोकरी सोडून गेले होते. ज्याला जेव्हा जे सुचलं तेव्हा त्याने ते बटण दाबलं होतं. "उद्या सगळं बुडालं तर परत कसं उभं करायचं हे कुणाला माहीत आहे?" कुणालाच माहीत नव्हतं. "म्हणजे आता प्रत्येक गोष्ट कोडमध्ये लिहून काढायची. यापुढे बटण दाबायचं नाही. कोडमध्ये लिहायचं आणि प्रोग्रॅमने ते करायचं. जे आहे ते आधी तसंच्या तसं लिहा. फोनना धक्का लागता कामा नये." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी लायकी वगैरे ओळखून नव्हे. मी त्यांच्या बरोबर समोर बसलो होतो. मागच्या बाकावर बसणाऱ्यांची हुशारी मला त्या दिवशी कळली.

आमच्या समोरच्या दारात एक ठेकेदार राहतात. आता निवृत्त आहेत, पण जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची पाहणी अजून करतात. त्यांना मी माझं काम समजावून सांगितलं.

"म्हणजे घर आधी बांधून झालंय आणि नकाशा आता काढताय," ते म्हणाले.

"अगदी बरोबर."

"मग त्यात एवढं घाम पुसण्यासारखं काय आहे? आम्ही आयुष्यभर तेच केलं."

"अहो, पण तुमच्या नकाशात एखादी खिडकी राहून गेली तर काय व्हायचं?"

"काय व्हायचं! अधिकारी यायचा, चहा प्यायचा, जायचा."

"आमच्याकडे नकाशात खिडकी राहिली तर प्रोग्रॅम येतो आणि घराची खिडकी बुजवून टाकतो. नकाशा खरा, घर खोटं."

ठेकेदारांनी कठडा हलवून त्याची मजबुती पाहिली. मग म्हणाले, "भलताच प्रामाणिक आहे हो. असल्या माणसाला मी साइटवर पाऊल ठेवू दिलं नसतं." आणि दार लावून घेतलं. मी सल्ला मागायला थांबलो होतो, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

प्रोग्रॅमचा प्रामाणिकपणा मला पहिल्याच दिवशी भोवला. हा प्राणी काही करण्याआधी विचारतो, एवढंच त्याचं सौजन्य. फोन करणाऱ्या मुख्य यंत्राच्या डिस्कचा आकार मी कोडमध्ये चुकून लहान लिहिला. प्रोग्रॅमने अत्यंत शांतपणे सांगितलं की, तुमच्या लिहिण्याप्रमाणे हे यंत्र नष्ट करून नवीन करावं लागेल, करू का? मी 'नाही' असं लिहिलं, खात्री करून घेतली आणि खुर्ची थोडी मागे सरकवून बसलो. सगळ्या शहराची सकाळ माझ्या एका 'हो'वर लटकली होती आणि शेजारच्या टेबलावर लोक कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक कापत होते.

शिवाय साहेबांचा हुकूम होता की प्रत्येक यंत्रापुढे मालकाचं नाव हवं. मी खात्याखात्यांतून हिंडलो. हिशेब खातं म्हणालं, "आम्ही फक्त वापरतो." विक्री खातं म्हणालं, "आम्ही फक्त विकतो." हेल्पलाइनच्या प्रमुख बाई म्हणाल्या की त्या फक्त ऐकून घेतात. सगळ्यांना यंत्रं हवी होती, एकालाही मालक व्हायचं नव्हतं. शेवटी मी प्रत्येक ठिकाणी माझंच नाव लिहिलं, तात्पुरतं म्हणून. त्या दिवसापासून कॉफीचं यंत्र बिघडलं तरी लोक मला बोलवायला लागले.

पण मी खचलो नाही. तीन आठवडे रोज घरून लवकर निघून एकेक यंत्र, एकेक कप्पा, एकेक वेळापत्रक बघून बघून लिहून काढलं. प्रोग्रॅमच्या तक्रारी कमी होत गेल्या आणि एके दिवशी संध्याकाळी पडद्यावर ते तीन शब्द उमटले, काहीही बदल नाही. म्हणजे मी लिहिलेलं आणि प्रत्यक्षात असलेलं तंतोतंत जुळलं. मी उभा राहिलो. साहेबांना बोलावून आणलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

"मग केलं काय तुम्ही?"

"जे होतं ते तसंच ठेवलं, साहेब."

"छान," ते म्हणाले, पण त्यांचा चेहरा छान नव्हता. "हेच मी पुढच्या आठवड्यात संचालकांना दाखवणार आहे. त्या वेळी पडद्यावर एक जरी बदल दिसला तर हे काम बाहेरच्या सल्लागारांकडे जाईल. आणि तुमची बदली मी हेल्पलाइनवर करीन. तिथे माणसं कमी आहेत."

शंभरातले वीसही पास होत नाहीत, अशा परीक्षा देऊन मी इंजिनियर झालो तो लोकांच्या गोळ्यांच्या तक्रारी ऐकायला नव्हे. मी घरी गेलो, जेवलो, सकाळी परत येऊन प्रोग्रॅम चालवला. एक बदल! सकाळच्या फोनची वेळ कुणीतरी पाव तासाने अलीकडे आणली होती.

फोनना धक्का लावायचा नाही म्हटल्यावर वेळ मागे घेणं माझ्या हातात नव्हतं. मी मुकाट्याने कोडमध्ये नवीन वेळ लिहिली. दुसऱ्या दिवशी ती आणखी अलीकडे सरकली होती. मी पुन्हा लिहिली. तिसऱ्या दिवशी पुन्हा! तळपायाची आग मस्तकात गेली. हे घर माझ्या नकाशाबाहेर रात्रीतून चालत होतं. कोण करतं हे नोंदीत पाहावं तर तिथे एकच नाव, अ‍ॅडमिन. सगळी कंपनी गेली कित्येक वर्षं या एकाच नावाने आणि एकाच पासवर्डने आत शिरत होती.

मी सुरक्षा खात्यात गेलो. पासवर्ड बदलून द्या म्हटलं.

"अर्जावर वापरकर्त्याची सही लागेल," तिथले गृहस्थ म्हणाले.

"वापरकर्ता अ‍ॅडमिन आहे."

"मग अ‍ॅडमिनची सही आणा."

"अहो, अ‍ॅडमिन म्हणजे माणूस नाही. सगळेच अ‍ॅडमिन आहेत."

"मग सगळ्यांच्या आणा," असं म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली. ऑफिसच्या आतल्या खोलीला खिडकी कशाला हवी, हेही मला तोपर्यंत कधी सुचलं नव्हतं.

आता एकच उपाय उरला, चोराला रंगेहाथ पकडायचं. प्रोग्रॅम घरून चालवायची परवानगी नाही, तेव्हा मी आणखी लवकर निघायला लागलो. माझा संशय हिशेब खात्यातल्या एका माणसावर होता. त्याला आम्ही अत्तरवाला म्हणतो, कारण तो लिफ्टमधून उतरून गेल्यावरही लिफ्टमध्येच असतो. मी त्याच्या टेबलासमोर जागा पकडली. दुसऱ्या दिवशी तो माझ्याही आधी हजर. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या आधी. रिकाम्या ऑफिसात आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसायचो. शेवटी त्यानेच तोंड उघडलं, "तुम्ही रोज इतक्या सकाळी येऊन काय भानगड करता, हे बघायला मी येतो." माझ्यावर! भानगडीचा संशय माझ्यावर!

घरी जेवताना मी सगळा राग ताटावर काढला. "कोणीतरी गाढव रोज वेळ बदलतं आणि मी त्याच्यामागे निस्तरत बसतो."

"कशाची वेळ?" सासूबाईंनी विचारलं.

"एका यंत्राची, आई. सांगून कळायचं नाही." हे मी तोऱ्यात म्हटलं. आता ते आठवलं की कान तापतात.

"आमच्या एक्स्चेंजमध्ये असं कुणी केलं असतं ना," त्या म्हणाल्या, "तर आमच्या सुपरवायझर बाईंनी उभं जाळलं असतं. तुम्ही सोडू नका हं, जावईबापू."

"पण याने त्याच्यासाठी इतक्या लवकर कशाला जायचं?" बायको म्हणाली. "सकाळी उठते तर घरात कोणी नाही. आई एकटी पेपर धरून बसलेली."

"कर्तव्य," मी म्हणालो आणि आणखी भात वाढून घेतला.

इकडे शहराची दशा व्हायला लागली. फोन अंधारात वाजू लागले. गोळी घेतल्यावर म्हातारी माणसं परत झोपतात थोडीच! ती कपडे करून बाहेर पडायला लागली. बागेचा दरवाजा उघडलेला नसे, म्हणून फाटकाबाहेर गर्दी जमे. पेपर टाकणाऱ्याला ज्येष्ठांनी रस्त्यातच घेरून पेपर काढून घेतले. ठेकेदार अंधारात फिरताना खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांवर आदळले आणि डॉक्टरांनी त्या निमित्ताने त्यांचे दात तपासून दोन दाढा काढायला सांगितल्या. त्या दाढाही माझ्या नावावर मांडल्या गेल्या. जिन्यात ठेकेदारांनी मला अडवलं.

"तुमच्या त्या नकाशात रात्र किती वाजता संपते म्हणून लिहिलंय?"

"अहो, मी नाही बदलत! मी फक्त लिहून घेतो."

"आमचा मुनीमसुद्धा हेच म्हणायचा," ते म्हणाले आणि गालावर हात धरून आत गेले.

तक्रारी थेट संचालकांपर्यंत गेल्या. साहेबांनी मला बोलावून घेतलं. "उद्या दुपारी संचालक येतायत. मला पडदा स्वच्छ हवा आणि जो कोणी हे करतोय त्याचं नाव हवं. त्याला मी त्यांच्यासमोर नोकरीवरून काढणार आहे." मी म्हटलं, साहेब, आनंदाने. मनात अत्तरवाल्याचं निरोपाचं भाषणही तयार केलं. कडक होतं, पण भाषा सभ्य होती.

त्या दिवशी ऑफिसातली वीज गेली आणि मी संध्याकाळी लवकर घरी आलो. स्वतःच्या किल्लीने दार उघडलं. सासूबाई आतल्या खोलीत फोनवर होत्या. ऐकायला कमी येतं म्हणून त्या स्पीकर लावून बोलतात.

"मीच हो ताई. रोजचीच. उद्या अजून थोडं अलीकडे घ्या ना."

"अजून अलीकडे, आजी?" पलीकडून आमच्या हेल्पलाइनच्या त्या प्रमुख बाईंचा आवाज आला. "झोप होते का पण तुमची?"

"झोपेचं काय घेऊन बसलात! आमचे जावई हल्ली फार लवकर निघतात. गोळीनंतर माझा अर्धा तास होईपर्यंत त्यांनी पायात बूट घातलेले असतात. महिना होत आला, आम्ही बरोबर बसून चहा घेतलेला नाही. मी आपली रोज थोडं अलीकडे घेते, तर ते त्याच्याही आधी निघतात."

"एवढी काय घाई असते त्यांना?"

"त्यांच्या ऑफिसात कोणी एक उपद्व्यापी आहे. रोज कशाची तरी वेळ बदलून ठेवतो. त्याला पकडायला जातात बिचारे. वाळलेत नुसते."

"काय एकेक माणसं असतात! थांबा हं, बदलते. एकट्याची वेळ बदलायचं आमचं बटण कधीचं बिघडलंय, म्हणून मी मोठंच फिरवते. हां, झालं."

माझा एक बूट पायात होता, एक हातात. मला काय वाटलं ते सांगतो. आधी प्रचंड संताप. त्या बाईंचा, मोठ्या बटणाचा, लहान बटण दुरुस्त न करणाऱ्याचा, आणि शहरभर अंधारात चाचपडणाऱ्या माणसांच्या वतीने सासूबाईंचाही. मग हिशोब लक्षात आला. मी लवकर निघतो म्हणून त्या वेळ बदलतात आणि त्या वेळ बदलतात म्हणून मी लवकर निघतो. आणखी महिनाभर हे चाललं असतं तर शहराने सकाळची गोळी आदल्या दिवशी घेतली असती. आणि मग उमगलं. माझ्या चहाला पाणचट म्हणणारी ही बाई त्या चहासाठी अख्ख्या शहराला उठवत होती. रडू येतंय की काय असं वाटलं, आणि त्याचाच मला पुन्हा राग आला.

मी बूट परत घातला, बाहेर गेलो आणि जरा वेळाने बेल वाजवून आत आलो.

सकाळी, म्हणजे ज्याला आता सकाळ म्हणायचं त्या अंधारात, फोन वाजला. अर्ध्या तासाने सासूबाई स्वयंपाकघरात आल्या तेव्हा मी ओट्याशी उभा होतो.

"आज जायचं नाही का?"

"आरामात जाईन. बसा."

त्यांनी घोट घेतला. "आलं कमी आहे. आणि पाणी जास्त." पेपर आलेला नव्हता, म्हणून आम्ही कालचाच वाटून घेतला. मधेच त्या म्हणाल्या, "तुम्ही आता उशिरा निघणार असाल तर मी त्या ताईंना फोन करून..."

"नको!" मी असा ओरडलो की आतून बायको धावत आली. "आज नको, आई. आज कुणालाही फोन करू नका. संध्याकाळपर्यंत फोनला हात लावू नका."

त्यांना काही कळलं नाही, पण ऑपरेटर होत्या, लाइन मोकळी ठेवायची म्हटल्यावर ठेवली.

नेहमीच्या वेळेला ऑफिसात जाऊन मी कोडमध्ये आदल्या संध्याकाळी बाईंनी फिरवलेली वेळ लिहिली. दुपारी संचालक जमले. मी प्रोग्रॅम चालवला. काहीही बदल नाही.

"म्हणजे काहीच झालेलं नाही?" एका संचालकांनी विचारलं.

"काहीही नाही!" साहेब छाती फुगवून म्हणाले. "आणि वेळ बदलणाऱ्या माणसाचं नाव आमच्या इंजिनियरकडे आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हेल्पलाइनच्या प्रमुख बाई दाराशी चहाच्या कपांची मोजदाद करत उभ्या होत्या. आदल्या दिवशी फोनवर मी त्यांचाच आवाज ओळखला होता. त्यांना यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

"मी," मी म्हटलं.

"तुम्ही बदलत होता?"

"माझ्यामुळे बदलत होती. प्रत्येक यंत्रापुढे मालक म्हणून माझंच नाव आहे, बघा." हे निदान शंभर टक्के खरं होतं.

साहेबांचा चेहरा तांबडा झाला. त्यांनी मला काढून टाकण्यासाठी तोंड उघडलं, मग पडद्यावरच्या कोडकडे पाहिलं. पानं सरकवली. आणखी सरकवली. शेवटी हळू आवाजात संचालकांना म्हणाले, "यांना काढलं तर हे वाचणार कोण?" तेव्हा मला हेल्पलाइनवर पाठवलं, अर्धा वेळ. पहिल्याच दिवशी मी एकट्याची वेळ बदलायचं ते लहान बटण दुरुस्त केलं, मोठं बटण सगळ्यांकडून काढून घेतलं आणि शहराची सकाळ परत उजेडात आणून ठेवली. ठेकेदारांनी त्याचीही तक्रार केली. त्यांना आता अंधाराची सवय झाली होती.

सासूबाईंनी मात्र विषय सोडला नव्हता. दुसऱ्या दिवशी चहा घेताना त्यांनी विचारलं, "तो उपद्व्यापी सापडला का हो शेवटी?"

"सापडला."

"मग? काढलात ना?"

"नाही काढलं. त्याला ताकीद दिली, रोज घरून चहा पिऊन निघत जा म्हणून."

त्यांनी कप खाली ठेवला. "एवढंच? तुम्ही फार मऊ आहात, जावईबापू. अशाने लोक डोक्यावर बसतात." आणि माझा कप पुढे ओढून त्यांनी तो पुन्हा काठोकाठ भरला.